पाहुण्यांचा आठवडा

धाकटी विझवायची, हे साहेबानं चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकलं, आणि मग घोट घेऊन साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली. माणसानं निदान क्रम तरी उलटा ठेवावा. पण साहेब तो साहेबच. थोरल्यांचा, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचा, हा एकुलता एक मुलगा. काचकारखान्यात गळ्याला टाय लावून येणारा घराण्यातला पहिला, म्हणून भट्टीवाल्यांनी ठेवलेलं हे नाव, आणि ते इतकं चिकटलं की आता त्याची आईसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारते.

घरातली सगळी मोठी माणसं त्या सकाळी वरच्या खोलीत जमली होती. ही खोली कारखान्याच्या माथ्यावर, त्यामुळे तिची फरशी बारमाही कोमट. एका भिंतीला मोठी काच आहे आणि तिच्यातून खालच्या दोन्ही भट्ट्या दिसतात. मोठी भट्टी थोरल्यांच्या वडिलांनी बांधलेली, औषधाच्या बाटल्यांची. धाकटी भट्टी थोरल्यांच्या पाठच्या भावानं बांधलेली, बरण्यांची आणि प्रयोगशाळेच्या भांड्यांची. तो भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून धाकटी त्याची बायको चालवते. तिला सगळा कारखाना काकी म्हणतो.

काचेची भट्टी म्हणजे काही चूल नव्हे, की स्वयंपाक झाला आणि लाकडं ओढून घेतली. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं जळते. तिला रविवार नाही, आजारपण नाही. थंड झाली तर आतल्या विटा तडकतात, आणि मग ती पुन्हा पेटत नाही, पाडून नवी बांधावी लागते. नवी बांधायची ऐपत आता घरात नव्हती. त्यामुळे धाकटी विझवायची म्हणजे कायमची, हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्यानं ते सांगितलं त्यालाही.

साहेबाचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दुपारी योजनेच्या बाई येणार. योजना म्हणजे निम्मी सरकारची आणि निम्मी माल घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांची. कारखान्यांच्या धुराड्यातून कार्बन किती बाहेर पडतो ते मोजायचं आणि तो कमी करायला मदत करायची. गेल्या वर्षी त्यांनी इथे येऊन आठवडाभर माप घेतलं, मीटर बसवून दिले, मोठ्या भट्टीवर वाया जाणारी उष्णता परत वापरणारं यंत्र जवळजवळ फुकटात बसवलं. बदल्यात एकच अट, वर्षभरात कारखान्याचा एकूण कार्बन पहिल्या मापापेक्षा दहा टक्क्यांनी खाली आला पाहिजे. नाही आला तर योजनेतून बाहेर, आणि योजनेतून बाहेर गेलेल्याच्या बाटल्या औषधवाली कंपनी घेणार नाही. ती एकच कंपनी मोठ्या भट्टीचा निम्म्याहून जास्त माल उचलते.

आणि कार्बन काही खाली आला नव्हता. यंत्र नीट चालत होतं, मोठी भट्टी खरोखरच कमी तेल पीत होती, तरी बेरीज मांडली की आकडा जिथल्या तिथे, उलट किंचित वरच. मग कुठेतरी कुणीतरी जास्त खातंय हे उघड आहे, असं साहेब म्हणाला. धाकटी म्हातारी झालीये, तिच्या भिंतींतून ऊब बाहेर जाते, ती खादाड आहे. ती आज बंद केली की आकडा आपोआप बसतो. हे त्यानं मान खाली घालून सांगितलं, तेवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

काकी ऐकत होती. तिला साहेबाचा राग येत नव्हता. तो लहानपणी धाकटीच्या उबेला झोपायचा, तिनंच त्याला मांडीवर घेतलेलं. ती थोरल्यांच्या तोंडाकडे बघत होती. या घरात थोरल्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही. वाळू, सोडा आणि चुनखडी कोणत्या प्रमाणात कालवायची हे घरच्या थोरल्या पुरुषानंच ठरवायचं, दार लावून, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, ही वडिलांपासूनची रीत. तिच्या नवऱ्यानंसुद्धा स्वतःच्या भट्टीचा कच्चा माल मोठ्या भावाच्या हातचाच घेतला. तेव्हा आजही ते बोलतील, अशी तिची खात्री होती. वर्षभर लोक तिच्या भट्टीला खादाड म्हणत होते आणि ती भट्टीची दारं घट्ट करत होती, ज्योत बारीक करत होती, रात्रपाळीला स्वतः उभी राहत होती, आणि तरी आकडा हलत नव्हता. आपल्या हातून काय चुकतंय तेच तिला कळेना.

थोरले खिडकीतून खाली बघत होते. त्यांच्या मागच्या भिंतीवर योजनेचं प्रशस्तिपत्र होतं, चौकटीत. पहिल्या मापात हा कारखाना त्याच्या आकाराच्या मानानं फारच काटकसरीचा आढळला म्हणून मिळालेलं.

"भाऊजी," काकी म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय," थोरले म्हणाले. "बघा तुम्ही मुलं काय ते."

काकीची गणना मुलांत होणं केव्हाच थांबलं होतं, म्हणून ते शब्द तिला जास्त लागले. तिनं मग आपल्या मुलीकडे पाहिलं. ही पोरगी लहानपणापासून दिसेल ती वस्तू मोजायची, दुधाच्या भांड्यात पट्टी बुडवायची, म्हणून तिला मापाडी म्हणत. योजनेनं प्रत्येक कारखान्यातून एक माणूस शिकवायला नेला, तेव्हा इथून तीच गेली, आणि महिनाभर राहून परत आली ती मीटरची भाषा बोलतच. तिनं चुलतभावाची बाजू घेतली नसती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मापाडी आकड्याशी खोटं बोलू शकत नाही, हा तिचा गुण म्हणा नाहीतर खोड.

"आकडे धाकटीच्या बाजूनं नाहीत, आई," ती म्हणाली. "मी दहा वेळा बघितले."

झालं. पोटची पोर पुतण्याच्या पंगतीला जाऊन बसली. थोरल्यांची बायको, माई, इतका वेळ कपात चमचा फिरवत होती. ती म्हणाली की बाई दुपारी आल्या की त्यांच्यासमोरच काय ते ठरवू, त्या काही मार्ग सांगतील. माईचा स्वभाव तसा मवाळ. पण हे नेमकं नको ते बोलली.

"त्यांच्यासमोर नको," काकी म्हणाली. "परक्या माणसांसमोर माझ्या भट्टीचा पंचनामा नको. आत्ता विझवते. त्या येतील तेव्हा सगळं झाडून पुसून झालेलं असेल."

हे ऐकताना थोरल्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला, पण सगळे काकीकडे बघत होते. या घराची हीच तऱ्हा. घरात आग लागली तरी चालेल, पाहुण्याला पसारा दिसता कामा नये. ही शिकवण वडिलांनी दोन्ही मुलांना दिली आणि सुनांनी ती उंबरा ओलांडल्या दिवशी उचलली.

भट्टी विझवायची तर आधी आतली वितळलेली काच काढून घ्यावी लागते. तळाशी एक भोक असतं, त्याचं बूच काढलं की काच संथपणे पाण्याच्या हौदात पडत राहते आणि पडता पडता तिचे दाणे होतात. हे दाणे कुठे टाकायचे म्हणून मापाडी मागच्या अंगणात जागा बघायला गेली. आईसमोर उभं राहवत नव्हतं, हे दुसरं कारण.

मागच्या अंगणात भिंतीला लागून फुटक्या काचेचा ढीग असे. फुटलेली बाटली, चुकलेली बरणी, तडकलेलं भांडं, सगळं वर्षानुवर्षं तिथे जाई. फुटकी काच पुन्हा भट्टीत घातली की ती नव्या मालापेक्षा कितीतरी लवकर वितळते आणि तेल वाचतं. म्हणून वडिलांनी सांगून ठेवलेलं, रोज मूठभरच वापरायची, बाकी साठवायची, अडीअडचणीला तेल महागलं तर उपयोगी पडेल. ढीग पार भिंतीवर मापासाठी ओढलेल्या काळ्या रेघेपर्यंत आलेला होता. त्यावर ताडपत्री असे, आणि फुटकी काच टाकणं-काढणं थोरल्यांच्याच हातचं असल्यामुळे ती दुसऱ्या कुणी उचलायचं कारण नसे.

मापाडीनं एक कोपरा उचलला. खाली रिकाम्या लाकडी पेट्या होत्या. दुसरा कोपरा उचलला, तिथेही पेट्या. नीट रचून ठेवलेल्या, वर फुगवटा दिसेल अशा. काचेचा एक तुकडा नाही.

ती तिथेच पेटीवर बसली. डोकं तिचं असल्या बाबतीत फार भराभर चालतं, आणि त्या दिवशी ते चाललं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. एवढा ढीग हळूहळू संपला असता तर तिला मीटरवर दिसलं असतं. म्हणजे तो मीटर लागले तेव्हाच, एकदम संपलाय. पहिल्या मापाच्या आठवड्यात. तेव्हा ती शिकायला बाहेरगावी होती आणि घरातले सगळे त्या आठवड्याला पाहुण्यांचा आठवडा म्हणत होते.

थोरले माल कालवायच्या खोलीत होते. दार लावलेलं. एरवी या दारावर टकटक करायची कुणाची छाती होत नाही. मापाडी सरळ आत गेली. ते वाळूच्या पोत्यावर बसले होते, हातात फावडं होतं, पण समोरचं घमेलं रिकामं होतं.

"मोठे काका, ढीग कुठे गेला?"

त्यांनी नाकारलं नाही. झाकायचा कंटाळा आलेल्या माणसासारखे ते बोलायला लागले. पाहुणे यायचे होते, ते म्हणाले. सरकारची माणसं, कंपनीची माणसं, धुराड्याला नळ्या लावणार, सगळं टिपून नेणार. वडिलांच्या कारखान्याला कुणी नावं ठेवू नयेत एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणून त्या आठवड्यात त्यांनी दोन्ही भट्ट्यांना जवळजवळ निव्वळ फुटकी काच घातली. धाकटीला तर सगळ्यात जास्त, कारण तीच जुनी होती आणि तिचीच लाज राखायची होती. आकडा कमी आला, शाबासकी मिळाली, चौकट करून भिंतीवर लावली.

"घरी कुणी येणार म्हणजे आपण चांगल्या चादरी काढतो की नाही?" ते म्हणाले.

"पण त्यांनी त्या चादरी रोजच्या समजल्या," मापाडी म्हणाली. "आणि आता रोज तशाच हव्यात म्हणून मागतायत. आईची भट्टी खादाड नाहीये, मोठे काका. तुमचं पहिलं मापच उपाशी होतं."

तिनं त्यांना सांगितलं की आत्ता खाली चला आणि आईला सांगा. ते हो म्हणाले. उठलेही. ते उठले हे बघूनच ती पुढे पळाली.

धाकटीच्या तळातून काच पडत होती. काकी हौदाशी उभी होती, तोंडावर लाल उजेड. मापाडीनं धापा टाकत सगळं सांगितलं. काकीनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

एकदा काढलेलं बूच वाहत्या काचेत परत बसत नाही. पण भट्टी रिकामी व्हायच्या आत वरून नवा माल पडला तर तो गार माल तळाशी बसून भोक बुजवतो आणि भट्टी वाचते, ज्योत चालू ठेवता येते. मालाशिवाय ज्योत ठेवली तर तळच जळून जातो. आणि माल कालवणार एकच माणूस. मापाडी म्हणाली की खोलीचं दार उघडंच आहे, वाळू आहे, सोडा आहे, आपण अंदाजानं कालवू. काकी नको म्हणाली. अंदाजानं कालवलेला माल धाकटीच्या पोटात गोठला तर ती तशीही मेली.

"त्यांना आपणहून येऊ दे, बोलवायला जाऊ नकोस," ती म्हणाली. "त्यांनी माझ्यासमोर येऊन सांगू दे, आणि माल घेऊन येऊ दे. तोवर मी ज्योत बंद करत नाही."

आणि तेलाच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून ती जिन्याकडे बघत उभी राहिली. मापाडी तिच्या शेजारी. सकाळपासून पहिल्यांदाच दोघी एका बाजूला होत्या.

थोरले खरोखरच निघाले होते. पण आधी ते वर गेले, माईला सांगायला. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत त्यांनी माईला न सांगता एकही मोठी गोष्ट केली नव्हती, ढिगाची सोडून. ती चूक पुन्हा करायची नाही असं त्यांनी ठरवलं आणि त्याच पायी दुसरी चूक केली. कधी सुचावं काय, याला काही धरबंध नसतो.

माईनं दार लावून घेतलं. ती बाई काही दुष्ट नव्हती. धाकट्या जावेच्या दुःखात ती महिनोन्महिने तिच्याजवळ झोपली होती, तिच्या पोरीची वेणीफणी तिनं केली होती. पण तिला एकच मुलगा होता आणि त्याच्या डोक्यावर मोठी भट्टी होती. ती म्हणाली की आज हे बोललात तर आपण लबाड ठरू. मापात खोट केली म्हणतील. औषधवाले उद्यापासून बाटली घेणार नाहीत, यंत्र उचलून नेतील, पेपरात येईल. धाकटी जाईलच, मोठीही जाईल, आणि मग त्या दोघी खाणार काय आणि आपण खाणार काय?

"झाकली मूठ आहे, अहो," ती म्हणाली. "राहू द्या झाकलेली. एक भट्टी गेली तर घर उरतं."

"भावाची आहे गं ती."

"भाऊ असता तर त्यानंच तुम्हाला गप्प बसायला सांगितलं असतं. तुमची मान खाली गेलेली त्याला कधी बघवली होती का?"

हे खरं होतं, म्हणून वाईट होतं. थोरले खुर्चीत बसले. त्यांना धाकट्याचा चेहरा आठवला, भट्टीची शेवटची वीट बसवल्यावरचा, काजळीनं माखलेला, दादा बघ म्हणणारा. मी आत्ता उठतो, असं ते मनाशी म्हणत राहिले. खाली धाकटीच्या कमानीपाशी दोन बायका उभ्या आहेत हे त्यांना काचेतून दिसत होतं, एकीनं वर बघितलं तेही दिसलं. माई बोलत होती, मग रडत होती, मग नुसतीच त्यांच्या दंडाला धरून बसली होती. तिचा हात झटकून उठता येईल इतकी ताकद त्यांच्यात होती. पण ते बसून राहिले.

वरच्या खोलीत बसणाऱ्याच्या कानांना दोन भट्ट्यांचा आवाज इतका सवयीचा असतो की तो ऐकूच येत नाही. मोठीचा घरघराट आणि त्याखाली धाकटीचा बारीक सूर. तो बारीक सूर थांबला तेव्हा थोरल्यांना तो पहिल्यांदा नीट ऐकू आला, म्हणजे त्याची जागा रिकामी झालेली ऐकू आली. तेव्हा ते उठले. माईनं हात काढून घेतला. आता धरून काय उपयोग होता?

खाली काकी हौदाच्या कठड्यावर बसली होती. भट्टीच्या आतला लाल रंग काळपट होत चालला होता आणि कमानीच्या विटा टिक टिक करत होत्या. मापाडी पलीकडे तोंड करून उभी होती. थोरल्यांनी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, ढीग, पेट्या, माई, खुर्ची. शेवटी म्हणाले की मी चुकलो.

काकीनं डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

"वरातीमागून घोडं आणलंत, भाऊजी," ती म्हणाली. "मी वाट बघितली हो. शेवटचा थेंब पडेपर्यंत बघितली."

आत कुठेतरी एक वीट मोठ्यानं तडकली. साहेब कसला आवाज म्हणून धावत आला, काकीकडे बघून टाय सैल करत तिथेच थबकला. त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. ते त्याला त्याच्या बापानंच सांगितलं, आणि पोरगा काकीच्या पायाशी जमिनीवर बसला.

योजनेच्या बाई दुपारी आल्या. साध्या होत्या, पायात जाड बूट, खांद्याला पिशवी, आल्या आल्या पाणी मागून प्यायल्या. त्यांच्याबरोबर औषधवाल्या कंपनीचा एक माणूस होता. वरच्या खोलीत सगळे परत बसले. माई तेवढी दाराशी उभी राहिली. साहेबानं बोलायला तोंड उघडलं, तेव्हा थोरल्यांनी त्याला हातानं थांबवलं, भिंतीवरची चौकट काढून टेबलावर उपडी ठेवली आणि परक्या माणसांसमोर ढिगाचं आणि पहिल्या मापाचं सगळं सांगितलं. त्या चौकटीमागची भिंत चौकोनी पांढरी दिसत होती.

सांगून झाल्यावर ते काय होईल त्याची वाट बघत राहिले. कंपनीच्या माणसानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण रागानं नव्हे.

"दरवर्षी एक तरी कारखाना हेच करतो," त्या म्हणाल्या. "आम्ही येणार म्हणून झाडून पुसून बसतो. आम्हाला आवरलेलं घर नको असतं हो, पसारा हवा असतो. पसारा जितका जास्त, तितकं आमचं काम सोपं."

नियमात त्याची सोय होती. यंत्र आठवडाभर बंद ठेवायचं, रोजचा माल रोजच्या पद्धतीनं घालायचा, पहिलं माप नव्यानं घ्यायचं. दंड नाही, बोभाटा नाही. कंपनीच्या माणसानंही मान डोलावली, त्यांना असल्याचा अनुभव होता. बाईंनी मापाडीला जवळ बोलावलं आणि दोघींनी मिळून कच्चा हिशोब मांडला. रोजच्या मालावर पहिलं माप धरलं तर कारखान्यानं दहा टक्क्यांची अट केव्हाच पार केली होती. चांगली पार केली होती. मापाडीनं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुम्हाला काहीच बंद करायची गरज नाही," बाई खूश होऊन म्हणाल्या. "दोन्ही भट्ट्या धरूनच हे बसतं. चला, आधी धाकटीचं माप घेऊ. ती जुनी आहे ना, तिथेच वाव जास्त. तिला आम्ही नवं अस्तर देऊ शकतो."

कुणी उठलं नाही. बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग काचेतून खाली पाहिलं. दाराशी उभ्या माईनं पदर तोंडात कोंबला होता. शेवटी काकीनंच सांगितलं, की आमच्याकडे पाहुणे यायच्या आधी घर आवरायची पद्धत आहे, ते आज जरा जास्तच आवरलं गेलं.

बाई गेल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. हौदातले दाणे गार झाले होते. भट्टीवाले ते हातगाड्यांवर भरून मागच्या अंगणात नेत होते, कारण काम काही थांबत नाही. ताडपत्री बाजूला काढलेली होती, पेट्या उचललेल्या होत्या. हिरवट पांढऱ्या काचेचा ढीग भिंतीशी पुन्हा वाढत होता. धाकटीच्या पोटात बरीच काच मावत असे, आणि तो त्या काळ्या रेघेच्या बराच जवळ गेला.

थोरले तिथे उभे होते. हे सगळं आता मोठ्या भट्टीत जाणार, तेल आणखी वाचणार, आकडा आणखी खाली येणार आणि पुढच्या वर्षी कदाचित पुन्हा एक चौकट मिळणार, हे त्यांना कळत होतं. रोज सकाळी या ढिगातून घमेलं भरायचं आणि दार लावून कालवायचं, हेही त्यांच्याच वाट्याचं होतं.

शेवटची गाडी काकीनं स्वतः ढकलत आणली. तिनं ती ओतली, उरलेले दाणे हातानं झाडले, ताडपत्री ओढून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मग जाता जाता ती थोरल्यांपाशी थांबली.

"जपून वापरा," ती म्हणाली. "पुन्हा कुणी पाहुणे यायचे असतील."